कोलॅजेन पावडर घेऊ का, डॉक्टर?

हा प्रश्न पूर्वी पुण्या-मुंबईहून यमाईच्या यात्रेला आलेली पाहुणेमंडळी विचारायची. आता तो खटाव-माणच्या वाड्यावस्त्यांवरून येतो, आटपाडीहून येतो, कुंडल-पलूसकडून येतो. मुलाने ऑनलाइन मागवलेला डबा पिशवीतून निघतो आणि टेबलावर ठेवला जातो. डब्यावर हसऱ्या बाईचा चेहरा असतो आणि खाली गुडघ्याचे चित्र. एका डब्याला हजार-दीड हजार रुपये सहज जातात. शेतमजुरीचा हिशेब घातला तर हे किती दिवसांचे पैसे होतात ते वाचकांनीच बघावे.

माझे उत्तर आधी सांगतो, कारणे नंतर. बहुतेकांनी हा डबा घेऊ नये. आणि त्या डब्यावरचा 'कोलॅजेन वाढवा' हा जो शब्दप्रयोग आहे, त्याच्याशीच माझे भांडण आहे. कोलॅजेन ही वाढवत नेण्याची वस्तू आहे ही समजूत चुकीची आहे, आणि आपल्या भागात एका व्यसनामुळे शेकडो तोंडांत कोलॅजेन नको तितके वाढते आहे, त्याबद्दल मात्र कोणी डबा घेऊन विचारायला येत नाही.

हे समजायचे तर थोडे शरीराच्या आत, खरे तर पेशीच्या आत, जावे लागेल. भाषा सोपी ठेवतो.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे हे शाळेत शिकलोय. पण पेशी एकीला एक चिकटून भिंतीसारख्या रचलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये जागा असते आणि ती रिकामी नसते. तिथे प्रथिनांचे एक दाट जाळे असते. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. हाडाचा चिवटपणा, कातडीचा ताण, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरेची ताकद, गुडघ्यातल्या कूर्चेचा गुळगुळीतपणा, हे सगळे या जाळ्यामुळे. यात इलॅस्टिन आहे, फायब्रोनेक्टिन आहे, लॅमिनिन आहे, पण सर्वांत जास्त आहे ते कोलॅजेन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक एकट्या कोलॅजेनचे असते, आणि त्याचे २८ प्रकार माहीत आहेत.

पुस्तकात या सगळ्यांना 'पेशीबाह्य' प्रथिने म्हणतात. नाव बरोबर आहे, पण त्याने एक गैरसमज होतो. ही प्रथिने म्हणजे पेशीच्या बाहेर ओतलेले सिमेंट, कमी पडले की वरून थोडे आणखी ओतायचे, असे लोकांना वाटते. जाहिरात नेमकी याच समजुतीवर चालते. प्रत्यक्षात कोलॅजेनच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ पेशीच्या आत जातो. तिथे जे घडते किंवा बिघडते, त्यावर बाहेरचे जाळे ठरते. शेवटी त्याची मोडतोडही बऱ्याच अंशी पेशीच्या पोटातच होते.

कोलॅजेन म्हणजे तीन पेडांचा दोर. आपल्याकडे चऱ्हाट वळताना तीन पेड घेऊन पीळ देतात, अगदी तसा. हा तीन पेडांचा पीळ जगाला पहिल्यांदा नीट उलगडून दाखवला तो मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ करथा यांनी, १९५४ साली, कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून. (नोबेलच्या यादीत रामचंद्रन यांचे नाव नाही याची हळहळ आमच्या पिढीतल्या अनेक डॉक्टरांना आहे, पण तो विषय वेगळा.) प्रत्येक पेड सुमारे हजार अमिनो आम्लांचा असतो आणि त्यात दर तिसरे आम्ल ग्लायसीनच असावे लागते. ते सर्वांत लहान. पिळाच्या मधोमध दुसरे कोणते मावतच नाही.

हा दोर वळला जातो फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशींच्या आत. हाडात हेच काम हाड बांधणाऱ्या पेशी करतात. आधी एकेक पेड तयार होतो. मग त्यातल्या प्रोलीन या आम्लावर एक रासायनिक खूण करावी लागते, आणि ती खूण करणाऱ्या एन्झाइमला लोह, ऑक्सिजन आणि क जीवनसत्त्व लागते. खूण नसेल तर तीन पेडांचा पीळ शरीराच्या उष्णतेला टिकत नाही, सुटतो. पीळ बसला की एचएसपी-४७ नावाचे एक राखणदार प्रथिन त्याला धरून ठेवते. आणि एक गंमत अशी की दोराच्या दोन्ही टोकांना पेशी मुद्दाम गाठोड्यासारखे जादा तुकडे ठेवते. का? ते नसतील तर हे दोर पेशीच्या आतच एकमेकांना लागून जाड तंतू तयार होतील आणि पेशी स्वतःच्याच मालात गुदमरेल. बाहेर पडल्यावरच ही टोके कापली जातात. कापलेले तुकडे रक्तात येतात. हाडांची बांधणी किती चालू आहे हे पाहण्यासाठी जी रक्ततपासणी असते, ती याच तुकड्यांची असते.

बाहेर पडणेही सोपे नाही. पेशीतून माल बाहेर नेणाऱ्या नेहमीच्या पिशव्या ६० ते ९० नॅनोमीटर व्यासाच्या, आणि हा दोर ३०० नॅनोमीटर लांब, तोही ताठ. एसटीच्या टपावर नांगर चढवण्यासारखा प्रकार. त्यासाठी पेशीकडे टँगो-१ नावाचे वेगळे प्रथिन आहे, जे बाहेर पडण्याची वाट रुंद करून देते. ज्या दोरांचा पीळ नीट बसलेला नाही, ते पेशी बाहेर सोडतच नाही. आतच मोडीत काढते.

एवढे तपशील का सांगतो? कारण हा कारखाना आतून बिघडला की काय होते ते आपण डोळ्यांनी पाहतो. काही मुलांची हाडे जन्मापासून ठिसूळ असतात. साध्या पडण्याने मोडतात, कधी कपडे बदलताना मोडतात. नातेवाईक आईवर संशय घेतात की हिने गरोदरपणात काही खाल्ले नाही, दूध घेतले नाही. या आजाराचे नेहमीचे कारण म्हणजे कोलॅजेनच्या पेडात एका ठिकाणी ग्लायसीनऐवजी दुसरे आम्ल बसलेले असते. पीळ तिथे अडतो, वाकडा दोर पेशीच्या आत साचतो, पेशी त्याच्या ओझ्याने थकते. बाहेर जे जाते ते कमी आणि कमकुवत. आईच्या खाण्याचा यात काही संबंध नसतो, आणि कोलॅजेनचे कितीही डबे त्या मुलाला पाजले तरी तो पेड दुरुस्त होत नाही. अशा मुलांसाठी हाडे बळकट करणारी औषधे, शस्त्रक्रिया आणि व्यायामोपचार आहेत. मोठ्या रुग्णालयातल्या बालरोग-अस्थिरोग विभागात जावे.

दुसरे उदाहरण जुने आहे. १७४०च्या दशकात ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज अॅन्सन याच्या जगप्रवासात खलाशी स्कर्व्हीने मेले. त्या प्रवासाच्या वृत्तांतात अशी नोंद आहे की एका खलाशाच्या पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या लढाईच्या जखमा पुन्हा उघडल्या. भरलेली जखम म्हणजे कोलॅजेनचा व्रण. तो एकदा बांधला आणि संपले असे नसते. शरीर तो सतत उसवते आणि पुन्हा विणते. क जीवनसत्त्व संपले की विणणे थांबते, उसवणे चालू राहते. त्या खलाशांना कोलॅजेन कमी पडले नव्हते. पेशीच्या आत खूण करणाऱ्या एन्झाइमला त्याचा जोडीदार मिळाला नव्हता.

आता पावडरकडे येऊ.

पावडर म्हणजे जनावराच्या कातडीतले, हाडातले किंवा माशाच्या कातडीतले कोलॅजेन तोडून केलेले तुकडे. हे शाकाहारी नाही. माळकरी मंडळी कौतुकाने ती दुधात घालून घेताना मी पाहिली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. 'व्हेज कोलॅजेन' म्हणून जे विकतात त्यात कोलॅजेन नसते. क जीवनसत्त्व, काही आम्ले आणि वनस्पतींचे अर्क असतात. पोटात गेल्यावर पावडरीचे बहुतेक सगळे अमिनो आम्लांत मोडते, थोडे दोन-तीन आम्लांचे तुकडे रक्तात पोचतात. ते रक्तातून सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाहीत. पेशीला दोर वळायचा असेल तर ती सुट्या आम्लांपासूनच सुरुवात करते, मग ती आम्ले पावडरीतली असोत, हरभऱ्याच्या डाळीतली असोत की अंड्यातली. शिवाय प्रथिन म्हणून कोलॅजेन अपुरे आहे. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक आम्ल त्यात नसतेच. रोज हजार रुपयांच्या डब्यातून प्रथिने मिळवतोय असे समजून डाळ, दूध, अंडी कमी करणारा माणूस तोट्यात जातो.

निःपक्षपातीपणे हेही सांगितले पाहिजे की पावडरीने गुडघेदुखी थोडी कमी झाल्याचे दाखवणारे अभ्यास आहेत. बरेचसे लहान, आणि त्यांतल्या अनेकांना पैसा पुरवणारे पावडर बनवणारेच. कंपन्या हमखास दाखवतात असा एक अभ्यास २०१७चा आहे. आठ निरोगी तरुणांना क जीवनसत्त्व घातलेले जिलेटिन दिले आणि तासाभराने सहा मिनिटे दोरीउड्या मारायला लावल्या. १५ ग्रॅम जिलेटिन घेतल्यावर रक्तातले ते कापलेल्या टोकांचे प्रमाण दुप्पट झाले. छान. पण माणसे आठ, सगळी तरुण, कोणाचाही गुडघा दुखत नव्हता, आणि उड्या सगळ्यांनीच मारल्या होत्या. जाहिरातीत जिलेटिन राहिले, दोरी गळाली.

आणि गुडघ्याच्या कूर्चेबद्दल तर याहून कडवट बातमी आहे. १९५० आणि ६०च्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो त्या काळात तयार झालेल्या प्रत्येक ऊतीत शिरला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी त्याचा तारखेच्या शिक्क्यासारखा उपयोग केला. २०१३ साली त्यांनी टाचेच्या कंडरेचा गाभा तपासला. तो साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही असे दिसले. २०१६ साली गुडघ्याची कूर्चा तपासली, निरोगीही आणि झिजलेलीही. तिच्यातले कोलॅजेनही तरुणपणाचेच निघाले. म्हणजे साठीत झिजलेल्या कूर्चेत पावडर पिऊन नवे कोलॅजेन भरेल ही आशा पेशीच पुरी करायला तयार नाही. जे दुखणे कमी करता येते ते मांडीचा स्नायू बळकट करून, वजन उतरवून. हे दोन्ही उपाय फुकटात होतात म्हणून कोणी त्यांची जाहिरात करत नाही.

मग कंडरा कायमची मुकी असते का? नाही. २०२० साली मँचेस्टरच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवले की जाड, जुन्या तंतूंच्या मध्ये बारीक तंतूंचा एक साठा असतो, तो रोज थोडा विणला आणि उसवला जातो, आणि हे काम पेशीच्या आतल्या घड्याळाप्रमाणे दिवसरात्रीच्या तालावर चालते. माणसांमध्ये २००५च्या एका डॅनिश अभ्यासात तासभर एका पायाने लाथा मारण्याचा व्यायाम करून घेतला, तर दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेत कोलॅजेन बनण्याचा वेग दीडपटीहून जास्त झाला होता. पेशीला जाळ्याचा ताण कळतो. तिच्या कातड्यावर इंटिग्रिन नावाची प्रथिने असतात. त्यांचे एक टोक बाहेर जाळ्यात, दुसरे आत. बाहेर ओढ बसली की आत निरोप जातो: दोर वळा.

औंधकरांना हे सांगताना मला वेगळेच बरे वाटते. भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावले, स्वतः नेमाने घातले, १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १९३८ साली लंडनहून दुसरे प्रसिद्ध झाले. राजेसाहेबांना इंटिग्रिन माहीत नव्हते, आणि नमस्कारांनी सगळे रोग जातात असे जे त्या काळी उत्साहाने म्हटले गेले ते मी आज म्हणणार नाही. सूर्यनमस्काराने कंडरेतले कोलॅजेन किती बनते हे मोजून मी सांगत नाही. पण पाठीपासून पोटरीपर्यंत आणि मनगटापासून खांद्यापर्यंत सांध्यांवर क्रमाक्रमाने ताण आणि भार देणारी, जागा आणि पैसा न लागणारी गोष्ट आपल्या गावाने जगाला दिली, आणि त्याच गावात आज लोक डबा विकत घेतात, याची मौज वाटते. गुडघे किंवा पाठ आधीच दुखत असेल, रक्तदाब जास्त असेल, तर थेट बारा नमस्कारांनी सुरुवात करू नका. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. तेवढ्यानेही पेशीला निरोप जातो.

नमस्काराचा विषय निघाला म्हणून मधुमेहींसाठी एक खूण सांगतो. दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडा. बोटे आणि तळवे पूर्ण टेकतात का पाहा. मधुमेह बरीच वर्षे अंगात असलेल्यांमध्ये काहींचे तळवे टेकत नाहीत, मध्ये फट राहते. कोलॅजेन वर्षानुवर्षे बदलत नाही म्हणून रक्तातली जादा साखर त्याला चिकटत राहते, तंतू एकमेकांत अडकतात आणि ताठरतात. मधुमेहींचे खांदे जास्त आखडतात त्यात याचाही हात आहे. इथेही कोलॅजेन कमी नाही; आहे तेच बिघडले आहे. उपाय साखर ताब्यात ठेवण्याचा.

जाळ्याची प्रथिने पेशीच्या आत काय करतात याविषयी गेल्या पंचवीसेक वर्षांत आणखी काही गोष्टी कळल्या आहेत. त्यातल्या दोनच सांगतो. जाळे कापणारी एक कात्री असते, एमएमपी-२ नावाचे एन्झाइम. ती पेशीच्या बाहेर काम करते असे आम्ही शिकलो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली दाखवले की हृदयाचा रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झाला की ही कात्री हृदयपेशीच्या आतच चालते आणि ट्रोपोनिन कापते. हार्ट अटॅकच्या संशयात ज्याची रक्ततपासणी करतात तेच ट्रोपोनिन, हृदयाच्या आकुंचनाला लागणारे. हे प्रयोग उंदराच्या जातीतल्या प्राण्यांच्या हृदयावरचे होते, पण त्याने पुस्तकातली आत-बाहेरची भिंत पाडली.

दुसरी गोष्ट लायसिल ऑक्सिडेजची. कोलॅजेनचे दोर बाहेर गेल्यावर त्यांना एकमेकांशी आडवे टाके घालून पक्के करणारे हे एन्झाइम. त्याला तांबे लागते. ते तयार होताना त्याचा एक तुकडा कापून वेगळा होतो, आणि प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये असे दिसले की हा तुकडा पेशीच्या आत कर्करोगाकडे नेणाऱ्या रास या संदेशाला लगाम घालतो. एकाच प्रथिनाचा एक भाग बाहेर शिंपी, दुसरा आत पहारेकरी. अशा बातम्या वाचून उद्या कोणी याचीही पावडर काढेल, तेव्हा सावध असा.

हे टाके घालणारे एन्झाइम लक्षात ठेवा. कारण आता सुपारी.

आपल्या सातारा-सांगलीत माव्याची पुडी टपरीवर डोळ्यांसमोर मळून मिळते. सुपारीचे कातरण, तंबाखू, चुना. २०१२पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे; गुटखा मिळतो की नाही हे वाचकांना माझ्यापेक्षा चांगले माहीत. शिवाय जेवणानंतरची गोड, सुगंधी सुपारी, जी बायका आणि शाळकरी मुलेही खातात. 'डॉक्टर, मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी' हे वाक्य ऐकून मला दिलासा मिळावा अशी लोकांची अपेक्षा असते. तो मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीही माणसाला कर्करोग करते असा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केला.

सुपारी तोंडात काय करते? तिच्यातले अरेकोलीन गालाच्या आतल्या फायब्रोब्लास्ट पेशींना डिवचते, तोंडातली सूज त्यात भर घालते आणि दोर जास्त वळले जातात. जुने कोलॅजेन गिळून पचवण्याचे काम याच पेशी करतात, ते मंदावते. सुपारीत तांबे भरपूर असते, लायसिल ऑक्सिडेज वाढते, आडवे टाके जास्त पडतात. आणि चौथी गोष्ट कोल्हापुरी चप्पल घालणाऱ्या कोणालाही पटकन कळेल. कातडे कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. त्यातले टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेनला धरते, मग ते कुजत नाही, मोडत नाही. सुपारीतही टॅनिन आहे. म्हणजे माणूस स्वतःच्या गालाचे आतले कातडे रोज थोडे थोडे कमावत असतो.

बनणे वाढले, मोडणे घटले, टाके घट्ट झाले. गाल आतून पांढुरका, संगमरवरासारखा होतो. बोट फिरवले तर दोऱ्या लागतात. या आजाराची पहिली वर्णने १९५२-५३ची. एक केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांवरून श्वार्ट्झ यांनी केलेले, आणि दुसरे, 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव देणारे, मुंबईच्या डॉ. जोशींचे. सुपारी जिथे गेली तिथे हा आजार गेला.

सुरुवात साधी असते. ठेचा सहन होत नाही, भाजीला जरा तिखट पडले की तोंडाची आग होते, फोड येतात. घरच्यांना वाटते पित्त झाले. मग शिट्टी वाजवता येत नाही, फुगा फुगवता येत नाही. वडापाव मोडून खावा लागतो. पुढे भाकरीचा घास जात नाही आणि दाढ काढायला दंतवैद्याची पक्कड आत शिरत नाही. पंचविशीतली पोरे या टप्प्यावर येतात. हेच तोंड आहे ज्यात कोलॅजेन 'वाढले' आहे. यकृतात वाढले की सिरोसिस होतो, फुप्फुसात वाढले की दम लागतो, जखमेवर वाढले की कातडीवर टणक वळ येतो. म्हणून त्या डब्यावरच्या शब्दाशी माझे भांडण.

यातून कर्करोग किती जणांना होतो? केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात असे ६६ रुग्ण १७ वर्षे पाहिले गेले. पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला, म्हणजे ७.६ टक्के. काहींना हा आकडा लहान वाटतो. बाराजणांचा एक कट्टा डोळ्यांसमोर आणा आणि त्यातला कोण ते सांगा.

सुपारी सोडली तर आजार पुढे सरकण्याचा वेग मंदावतो, आग कमी होते, पण घट्ट झालेले जाळे पूर्ववत होत नाही. त्यासाठी तोंड उघडण्याचे व्यायाम नेमाने करावे लागतात, काहींना गालात इंजेक्शने द्यावी लागतात, जास्त आखडले असेल तर शस्त्रक्रिया. लवकर आले तर पुष्कळ करता येते. उशिरा आलेल्याचे हाल मी सांगत बसत नाही.

सुपारीला आपल्याकडे मान आहे हे मला ठाऊक आहे. लग्न ठरले की सुपारी फुटते, गणपती म्हणून तीच पाटावर बसते. ती पाटावर राहू द्या, मला काही म्हणायचे नाही. तक्रार तोंडात जाणाऱ्या सुपारीची आहे, आणि लहान मुलांच्या हातात बडीशेपेबरोबर ती ठेवणाऱ्या आजोबांची.

डब्याच्या पैशांत काय करता येईल हेही विचारतात. क जीवनसत्त्वाची रोजची गरज स्त्रियांना ६५ आणि पुरुषांना ८० मिलिग्रॅम. एका मध्यम पेरूत ती भागते, आवळ्यात तर नक्कीच. प्रथिने वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास. आपल्या ज्वारी-पिठल्याच्या ताटात ती थोडी कमी पडतात. एक वाटी उसळ आणि एक अंडे किंवा भांडेभर ताक-दूध वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिने वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि कोणतीही पावडर स्वतःच्या मनाने घेऊ नका. डबा आधीच आणला असेल आणि मूत्रपिंड ठीक असेल तर फेकू नका, संपवा; नवा आणू नका.

आणि घरात कोणी मावा, गुटखा किंवा नुसती सुपारी खात असेल, तर आज रात्री जेवायच्या आधी त्याला तोंड पूर्ण उघडायला सांगा. त्याच्याच हाताची तर्जनी, मधले आणि अनामिका ही तीन बोटे एकावर एक, उभी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर दुखत नसले तरी या आठवड्यात दंतवैद्याकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. तीन जात असतील पण ठेच्याने आग होत असेल, किंवा तोंडात पंधरा दिवसांत न भरलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा असेल, तरीही दाखवा. जाताना पुडी सोबत न्या. काय आणि दिवसाला किती, हे डॉक्टरांना बघायला सोपे जाते.